वीज गेली तरी जुना टेलिफोन चालू कसा राहत असे? लाइन सर्किट, एक्स्चेंजची बॅटरी आणि घरातला नवा डबा

सागवानी_पेटी

नमस्कार. साताऱ्याच्या आमच्या घरात वडिलांच्या काळापासूनचा काळा, फिरत्या तबकडीचा टेलिफोन आहे. गेल्या दिवाळीनंतर तांब्याची लाइन बंद होऊन घरात फायबर आले, आणि त्या टेलिफोनची तार आता भिंतीवरच्या रोझेटमध्ये न जाता एका पांढऱ्या डब्याच्या पाठीमागच्या खाचेत जाते. फायबर ज्यात येऊन संपते त्या डब्याला ओएनटी म्हणतात एवढे मला बसवणाऱ्या मुलाकडून समजले.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या आहेत आणि त्यांची कारणे मला नीट समजून घ्यायची आहेत. वीज गेली की टेलिफोन मुका होतो. पूर्वी वादळात दोन-दोन दिवस वीज नसली तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू येत असे आणि त्यासाठी घरात कोणतीही बॅटरी नव्हती, मग ती वीज कुठून येत होती? दुसरे असे की घंटी आता दबकी, खरखरल्यासारखी वाजते. तिसरे म्हणजे टोन ऐकू येतो, बोलणेही स्पष्ट होते, परंतु तबकडी फिरवून नंबर लागत नाही. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा हा डबा एवढ्या जुन्या यंत्राची घंटी मुळात वाजवतो तरी कसा, याचेही मला आश्चर्य वाटते. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी मुळापासून सांगावे. लांबले तरी चालेल.

फ्रेमरूम

सागवानी_पेटी, नमस्कार. माझी नोकरीची बहुतेक वर्षे एक्स्चेंजमध्ये, त्यातही मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेमच्या (बाहेरून आलेल्या ग्राहकांच्या साऱ्या तारा जिथे एक्स्चेंजला जोडल्या जातात तो सांगाडा) आणि लाइन कार्डांच्या सहवासात गेली, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

वीज एक्स्चेंजच्या बॅटरी रूममधून येत होती. तिथे प्रत्येकी दोन व्होल्टचे शिसे-आम्लाचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून ४८ व्होल्ट. प्रत्यक्षात रेक्टिफायर, म्हणजे बाहेरच्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करणारे यंत्र, त्यांना सतत भारित ठेवतो आणि त्या अवस्थेत प्रत्येक सेलवर सुमारे २.२५ व्होल्ट असतात, त्यामुळे फ्रेमवर मीटर लावला तर ५४ च्या जवळपासचा आकडा दिसतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही बॅटरी वीज गेल्यावर ‘चालू’ होत नाही. ती रेक्टिफायरला समांतर कायमच जोडलेली असते, म्हणून वीज गेल्याच्या क्षणी अर्ध्या सेकंदाचाही खंड पडत नाही. तिच्यामागे डिझेल जनरेटर असतो आणि बॅटरी उतरायच्या आत तो सुरू करणे ही आमची जबाबदारी असे.

या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते आणि ऋण टोक लाइनवर जाते, म्हणून आम्ही ‘उणे अठ्ठेचाळीस’ म्हणतो. हे उलटसुलट वाटते, पण त्यामागे रसायनशास्त्र आहे. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल शिरली की तांबे आणि माती यांच्यामध्ये विद्युत्-अपघटन सुरू होते आणि जे टोक धन असेल ते विरघळत जाते. तार जमिनीच्या तुलनेत ऋण ठेवली की तांबे शाबूत राहते.

आपल्या घरापर्यंत दोन तारा येत. ‘ए लिंब’ जमिनीच्या पातळीवर आणि ‘बी लिंब’ उणे ४८ वर. रिसीव्हर ठेवलेला असताना टेलिफोनच्या आत दोन तारांमध्ये फक्त घंटी आणि तिच्या जोडीला एक कॅपॅसिटर असतो. कॅपॅसिटरमधून एकदिश प्रवाह जात नाही, म्हणून लाइनवर व्होल्ट असतात पण प्रवाह नसतो. रिसीव्हर उचलला की हुकचा स्विच मिटतो, दोन तारांचा लूप पूर्ण होतो आणि प्रवाह वाहू लागतो. याच एका प्रवाहाने सारी कामे होत. त्यावर कार्बन मायक्रोफोन चाले, त्याच्या असण्यावरून ग्राहकाने रिसीव्हर उचलल्याचे एक्स्चेंजला कळे, आणि त्याच्याच खंडांवरून नंबर कळे. तबकडी परत फिरताना सेकंदाला दहा या गतीने लूप तोडते आणि जोडते. आपल्याकडे त्याचे प्रमाण दोनास एक, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंद तुटलेला आणि ३३ मिलिसेकंद जुळलेला. सात फिरवला की सात वेळा, शून्य फिरवले की दहा वेळा.

प्रवाह किती, याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे २७५ ओहम. जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रवाह दोन बाजूंना दोनशे-दोनशे ओहमच्या रिलेच्या (प्रवाह वाहताच संपर्क ओढून घेणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) वेटोळ्यांतून येई, म्हणजे ४००, आणि टेलिफोनचे साधारण २५० धरा. आपले घर एक्स्चेंजपासून तीन किलोमीटरवर असेल तर एकूण १४७५ ओहम, म्हणजे सुमारे ३२ मिलिअँपिअर. एक्स्चेंजच्या शेजारी दोनशे मीटरवर राहणाऱ्याला मात्र ६८ मिलिअँपिअर मिळत आणि पाच किलोमीटरवरच्या शेतातल्या घराला जेमतेम २४. वीसच्या खाली गेले की कार्बन मायक्रोफोनचा आवाज पडू लागे आणि रिलेही खात्रीने ओढला जाईना. एक्स्चेंजची हद्द ठरण्यात या साध्या भागाकाराचा फार मोठा वाटा होता.

ही ‘सामाईक बॅटरी’ची पद्धत अमेरिकेत १८९० च्या दशकात पसरली. त्याआधी प्रत्येक टेलिफोनच्या पेटीत सेल असत आणि एक्स्चेंजला हाक मारण्यासाठी दांडा फिरवून छोटे जनित्र चालवावे लागे. आपल्याकडच्या लहान गावांत असे मॅग्नेटो टेलिफोन पुढेही बराच काळ होते. वीज ग्राहकाच्या घरातून काढून एक्स्चेंजमध्ये एकवटणे हा मोठा बदल होता. आपल्या पांढऱ्या डब्यात आज त्याच्या नेमके उलट घडले आहे.

सागवानी_पेटी

फार आभार. ओल शिरल्यावर तांबे विरघळण्याचे कारण मला ठाऊक नव्हते. आता एक शंका विचारतो. बॅटरी एकच आणि मोठी असेल, तर प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र सर्किट कशाला लागते? आपण ‘लाइन कार्ड’ म्हणालात. ते नेमके काय करते?

फ्रेमरूम

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण पूर्वी ते तसे नव्हतेच.

स्ट्रॉजर किंवा क्रॉसबार या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये ग्राहकाच्या वाट्याला स्वतःचे म्हणून दोन रिले येत. एक रिसीव्हर उचलल्याची दखल घेणारा आणि दुसरा, लाइन पुढे जोडली गेली की पहिल्याला बाजूला करणारा. बोलण्यासाठी वीज पुरवणारा पूल, म्हणजे ती चारशे ओहमची वेटोळी आणि दोन कॅपॅसिटर, हे सिलेक्टरमध्ये (लाइन निवडून जोडणाऱ्या यंत्रात) किंवा जोडणीच्या मधल्या सर्किटमध्ये असत. एका वेळी जितकी संभाषणे, तितकेच पूल. हजार ग्राहकांमागे शंभर पूल असले तरी भागे. घंटीचे यंत्र तर साऱ्या एक्स्चेंजला सामाईक असे. हे शक्य होते, कारण मधला स्विच धातूच्या संपर्कांचा होता. त्यातून आवाज जाई, बॅटरीचा प्रवाह जाई आणि घंटीचे ७५ व्होल्टही जात.

एक्स्चेंज डिजिटल झाले आणि हा मार्ग बंद झाला. आता स्विचमधून जातात ते आकडे. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहायचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या स्विचच्या चिपमधून ४८ व्होल्टचा पुरवठा किंवा घंटी पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून जे जे काम ‘जड’ होते ते सारे स्विचच्या बाहेर, लाइनच्या अगदी तोंडाशी आणून ठेवावे लागले, आणि तोंडे जितकी तितकी सर्किटे करावी लागली. डिजिटल एक्स्चेंजमध्ये संगणक महाग असेल अशी आमची सुरुवातीची समजूत होती. प्रत्यक्षात रॅकमागून रॅक भरलेले दिसत ते लाइन कार्डांचे. जागा त्यांची, उष्णता त्यांची, दुरुस्तीला जाणारी कार्डेही बहुतेक तीच.

या कामांची आद्याक्षरे जुळवून इंग्रजीत ‘बोर्श्ट’ असा शब्द झाला आहे आणि आम्हाला प्रशिक्षणात तो पहिल्याच दिवशी शिकवला होता. लाइनला बॅटरी पुरवणे, विजेच्या लोळापासून बचाव, घंटी, देखरेख, आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर, दोन तारांचे चार तारांत विभाजन, आणि चाचणी.

यातले देखरेखीचे काम म्हणजे लूपमध्ये प्रवाह आहे की नाही हे काही मिलिसेकंदांच्या अंतराने पाहत राहणे. खंड किती लांबीचा आहे त्यावरून तो तबकडीचा ठोका की रिसीव्हर खाली ठेवला हे ठरते. घंटीच्या वेळी हेच काम कठीण होते. घंटीचा प्रत्यावर्ती विद्युतदाब नेहमी बॅटरीच्या उणे ४८ वर स्वार करून पाठवतात. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की घंटीच्या हेलकाव्यांच्या आड एक स्थिर प्रवाह वाहू लागतो, आणि तो ओळखून सेकंदाच्या अंशात घंटी तोडायची असते. ती वेळेवर तुटली नाही तर कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये घंटीचा दाब पोहोचतो. आपल्याकडची घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि मग दोन सेकंद शांत राहते. अमेरिकन चित्रपटांतली घंटी दोन सेकंद वाजून चार सेकंद थांबते, म्हणून ती आपल्या कानाला परकी वाटते.

आपल्या देशाच्या संदर्भात सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे सुरू झाले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालावे म्हणून घडवलेले होते. सी-डॉटच्या एका लाइन कार्डावर आठ ग्राहक असत. एका खोलीत मावणारे हे एक्स्चेंज तालुक्याच्या पलीकडच्या गावांत पोहोचले, त्यामागे या आठ-आठ ग्राहकांच्या कार्डांची सोशिकता होती असे मला मनापासून वाटते.

जोडारी

फ्रेमरूम साहेबांनी एक्स्चेंजच्या आतले सांगितले आहे. मी फ्रेमच्या बाहेर, केबलवर काम केले आहे, म्हणून चाचणी आणि बचाव या दोन कामांविषयी लिहितो. ग्राहकाला त्यांचे नाव ठाऊक नसले तरी पावसाळ्यात त्याचा टेलिफोन यांच्याच आधाराने टिकत असे.

एक्स्चेंज ते पिलर (रस्त्याकडेचे जोडणीचे कपाट), पिलर ते डीपी (घरांजवळची वाटप-पेटी), डीपी ते घर, असा जोडीचा प्रवास. वाटेत जॉइंट किती असतील त्याचा नेम नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारींचा ओघ सुरू होई. टेस्ट डेस्कवर बसलेली व्यक्ती आपल्या लाइनचा नंबर टाकी, लाइन कार्डावरचा छोटा रिले आपली जोडी कार्डापासून सोडवून चाचणीच्या तारांवर घेई, आणि घराबाहेर पाऊल न टाकता दोष साधारण कुठे आहे हे कळे. दोन्ही तारांवर परकी बॅटरी दिसते का, दोन तारांमध्ये किंवा तार आणि जमीन यांमध्ये रोध घसरला आहे का, हे पाहत. माझी आवडती चाचणी मात्र काट्याच्या उसळीची. लाइनवर बॅटरी उलटवली की घंटीच्या वाटेवरचा कॅपॅसिटर नव्याने भरतो आणि मीटरचा काटा एकदा जोरात उसळून खाली येतो. उसळी पूर्ण असेल तर लाइन टेलिफोनपर्यंत शाबूत आहे. केबलची स्वतःची धारिता किलोमीटरला अवघी ५० नॅनोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे तार वाटेत तुटलेली असेल तर काटा नुसता थरथरतो. त्या थरथरण्यावरून तार पिलरच्या अलीकडे तुटली की पलीकडे हे अनुभवी माणूस सांगत असे.

बचावाचे पहिले ठाणे फ्रेमवर. प्रत्येक जोडीवर एक वायूची नळी असते आणि सुमारे २३० व्होल्टच्या पुढे गेल्यावर ती आतल्या आत पेटून लाट जमिनीत सोडते. चांगल्या नळीला तीन टोके असतात, दोन तारांची दोन आणि मधले जमिनीचे. दोन स्वतंत्र नळ्या लावल्या तर एक आधी पेटते आणि दुसरी क्षणभर मागे राहते. त्या क्षणात दोन तारांमधला फरक कार्डात शिरतो. तीन टोकांच्या नळीत वायू एकच असल्याने दोन्ही बाजू बरोबरच पेटतात. तिच्यातून निसटलेली लाट अडवायला कार्डावर दुसरे ठाणे असते, तिथे तापल्यावर रोध वाढवणारा घटक आणि थायरिस्टर (जादा दाब आला की मिटणारा अर्धवाहक स्विच) ही जोडी काम करते. वीजमंडळाची तार टेलिफोनच्या तारेवर पडली की हाच तापणारा घटक कार्ड वाचवतो, कारण तो प्रवाह विजेच्या लोळासारखा क्षणात ओसरत नाही.

कडकडाटाखेरीज एक हळू शत्रूही आहे. टेलिफोनची केबल उच्चदाबाच्या वाहिनीला किंवा २५ किलोव्होल्टच्या रेल्वे विद्युतीकरणाला लांबवर समांतर गेली की दोन्ही तारांवर सारखाच दाब प्रवर्तित होतो. यासाठी आपल्या देशात वीज आणि दूरसंचार यांच्या समन्वयाची पीटीसीसी ही समितीच आहे, आणि साध्या वाहिनीवर दोष झाला असता टेलिफोनच्या तारेवर ४३० व्होल्टपेक्षा अधिक दाब येऊ नये असे पाहिले जाते. रोजच्या व्यवहारात हा दाब लहान असतो, परंतु एक जॉइंट गंजून एका तारेचा रोध वाढला की दोन बाजूंचा तोल जातो आणि ग्राहकाला ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. घरघर आली की आम्ही एक्स्चेंजला दोष देण्याआधी जॉइंट उघडत असू.

लूपमधल्या एकदिश प्रवाहाचा आणखी एक उपकार सांगतो. पिळून केलेल्या जॉइंटवर तांब्याचा पातळ गंज चढतो आणि अधूनमधून वाहणारा तो प्रवाह त्याला फोडत राहतो. ज्या जोड्या नुसत्या डेटासाठी, बॅटरीशिवाय चालवल्या, त्यांचे जॉइंट लवकर खराब होताना मी पाहिले आहेत.

शलाका_ओहम

मी काही वर्षे पुण्यात लाइन सर्किटच्या चिपच्या चाचणीचे काम केले आहे. मूळ लेखकाच्या घरातल्या डब्यात जी असते तीच जात. डबा घंटी कशी वाजवतो, इथे येण्याआधी फ्रेमरूम यांच्या गणितात एका गोष्टीची भर घालते.

एक्स्चेंजजवळच्या ग्राहकाला ६८ मिलिअँपिअर मिळत असे त्यांनी लिहिले. यात बॅटरीतून सव्वातीन वॅट जातात आणि त्यांतले फार थोडे टेलिफोनच्या कामी येतात. वेटोळ्याच्या रिलेला ही उष्णता सोसत असे. नखाएवढ्या चिपला ती सोसत नाही. म्हणून चिप प्रवाह स्थिर ठेवते, समजा २५ मिलिअँपिअर. तरीही जवळच्या ग्राहकाच्या लाइनवर आणि टेलिफोनवर मिळून साडेसात व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले चाळीस चिपमध्येच पडतात, म्हणजे एक वॅट निव्वळ उष्णता. यावर उपाय असा की रिसीव्हर उचलल्यावर लूप आखूड आहे असे दिसले तर चिप स्वतःला ४८ ऐवजी २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर घेते. आजच्या डब्यांत तर पुरवठाच लूपला लागतील तेवढे व्होल्ट देत खाली उतरतो. जेव्हा कार्डामागे आठ, सोळा, बत्तीस ग्राहक असत, तेव्हा प्रत्येकाचा अर्धा वॅट वाचवणे म्हणजे रॅक जिवंत ठेवणे होते.

आता मला सर्वांत सुंदर वाटणारे काम, दोन तारांचे चार तारांत विभाजन. आपल्या घरी येणाऱ्या एकाच जोडीवर जाणारा आणि येणारा, दोन्ही आवाज एकत्र असतात. आकड्यांत रूपांतर करण्यासाठी मात्र ते वेगळे करावे लागतात, कारण जाणाऱ्याची वाट वेगळी आणि येणाऱ्याची वेगळी. पूर्वी यासाठी वेटोळ्यांची जोडी असे आणि तिच्या एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला लाइनची नक्कल करणारे एक जाळे. नक्कल हुबेहूब जमली की समोरच्याचा आवाज परतीच्या वाटेत शिरत नाही. नक्कल चुकली की तो स्वतःचाच आवाज थोड्या विलंबाने ऐकतो. परदेशी बोलताना जो प्रतिध्वनी येत असे तो बहुतेक वेळा आपल्या टोकाच्या या विभाजनातून परतलेला असे. म्हणूनच समोरच्याला त्रास होई आणि आपल्याला त्याची जाणीवही नसे.

चिपमध्ये वेटोळे नसते. ती दोन तारांमधला बोलण्याचा प्रवाह मोजते, त्याच्या प्रमाणात विद्युतदाब लाइनवर परत लावते आणि त्यामुळे पलीकडून पाहणाऱ्याला ती ६०० ओहमच्या रोधासारखी भासते, जरी आत असा रोध कुठेच नसला तरी. जोडारी यांनी सांगितलेल्या बचावासाठी दोन्ही तारांत पन्नास-पन्नास ओहम असतील तर उरलेले पाचशे चिप अशा रीतीने ‘रचते’. खऱ्या लांब केबलला नुसता रोध जुळत नाही, एक रोध आणि त्याच्यापुढे रोध-कॅपॅसिटरची समांतर जोडी असे काहीसे लागते, आणि प्रत्येक देशाचे ठरलेले मूल्य वेगळे. आज ते आकडे स्मृतीत लिहून बदलता येतात. मी चाचणीला बसले तेव्हा एकच चिप सकाळी एका देशाची आणि दुपारी दुसऱ्या देशाची होत असे आणि मला त्यात दरवेळी नव्याने आनंद होई.

घंटीकडे येते. एक्स्चेंजची घंटी एका तारेवर ७५ व्होल्टच्या जवळपास, २५ हर्ट्झच्या आसपास, मोठ्या सामाईक जनित्रातून रिलेमार्फत येई. आपल्या डब्यात बारा व्होल्ट एका लहान वेटोळ्यातून वेगाने तोडून-जोडून उणे ८० ते १०० व्होल्ट तयार केले जातात. चिप त्यातून दोन्ही तारांना विरुद्ध दिशांनी हलवते, एक वर जाताना दुसरी खाली, म्हणजे टेलिफोनला दुप्पट हेलकावा दिसतो. हेलकावा साइन लहरीऐवजी कडा घासलेल्या चौकोनासारखा ठेवला तर तेवढ्याच शिखरात अधिक शक्ती मावते. तरीही हाती येतात पन्नासएक व्होल्ट. तीन किलोमीटर केबल ओलांडायची नसल्याने आधुनिक टेलिफोनला ते पुरतात. आपल्या यंत्रातली जड पितळी घंटी आणि तिचा लोलक हे ७५ व्होल्टसाठी ताणून ठेवलेले आहेत, म्हणून ती दबकी वाजते.

तबकडीविषयी सांगायचे तर चिपला प्रत्येक ठोका दिसतो. लूपचा प्रवाह तुटतो आहे हे तिला कळल्याशिवाय राहतच नाही. ते ठोके मोजून त्यांचे अंक करायचे की नाही, हे डब्यातल्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि बऱ्याच डब्यांत ते मोजलेच जात नाहीत. यंत्रात दोष नाही एवढे खात्रीने सांगते.

पायरी_क्रमांक_दोन

चर्चा वाचून राहवले नाही. आमचे बसस्थानकाबाहेर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ होते. तिथल्या मीटरवर बोलणे सुरू होताच आकडे पळू लागत आणि एक्स्चेंजमधली गणना आमच्या खोक्याला कशी समजते हे मला कधी उलगडले नाही. त्यासाठी वेगळी तार आलेली नव्हती. हेही लाइन कार्डाचेच काम होते का?

फ्रेमरूम

होय, तेही तिथेच होई. बूथच्या लाइनवर एक्स्चेंज प्रत्येक एककाला १६ किलोहर्ट्झचा एक छोटा ठोका त्याच जोडीवर पाठवी. आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी वापरली जाते, त्यामुळे तो ठोका बोलणाऱ्याला ऐकू येत नसे आणि मीटर मात्र तो गाळून मोजत असे. नाण्यांच्या टेलिफोनसाठी दुसरी युक्ती होती. समोरच्याने उचलले की कार्ड दोन तारांची ध्रुवता उलटवी, आणि पेटीला कळे की आता नाणे घ्यायचे. आपल्या मीटरचे आकडे पळत होते तेव्हा लाइनवर बॅटरीचा प्रवाह, आपल्या ग्राहकाचे बोलणे आणि ते ठोके अशी तीन कामे एकाच दोन तारांवर चालू होती.

शलाका_ओहम, ६०० ओहम चिपमध्ये रचले जातात हे मला इतक्या स्पष्टपणे आज समजले. मी आयुष्यभर ती कार्डे बदलली, पण आमच्या हाती फक्त ‘कार्ड खराब, दुसरे लावा’ एवढेच असे.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. डबा घरात येणे हे फायबरबरोबर प्रथम घडलेले नाही. मद्रासच्या आयआयटीतून १९९० च्या दशकात पुढे आलेल्या कॉरडेक्ट पद्धतीत ग्राहकाच्या भिंतीवर एक पेटी बसत असे, तिच्यात रेडिओ आणि त्यामागे साध्या टेलिफोनसाठी लाइन सर्किट. एक्स्चेंजचे तोंड घराच्या भिंतीपर्यंत तेव्हाच सरकले होते. सरकले नाहीत ते २४ सेल. म्हणून वीज गेली की टेलिफोनही बंद पडतो. माझ्या मते ग्राहकाला नवी जोडणी देताना हे तोंडी नव्हे तर लेखी सांगायला हवे, विशेषतः ज्या घरात वृद्ध एकटे राहतात आणि आपत्तीच्या वेळी याच टेलिफोनवर विसंबून असतात.

सागवानी_पेटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचून गप्प बसवेना म्हणून काल दिवसभर मीटर घेऊन बसलो. मोजमापे देतो.

रिसीव्हर ठेवलेला असताना खाचेवर ४७ व्होल्ट. रिसीव्हर उचलल्यावर ते घसरून ६.२ झाले आणि मीटर ओळीत जोडून प्रवाह पाहिला तो २२ मिलिअँपिअर, म्हणजे माझ्या टेलिफोनचा रोध २८० ओहमच्या आसपास आला. फ्रेमरूम यांनी २५० धरला होता. दुसऱ्या नंबरवरून घंटी दिली तेव्हा मीटरने ५१ व्होल्ट दाखवले. झाकण उघडून पाहिले तर लोलकाला एका बाजूला खेचून धरणारी बारीक स्प्रिंग दोन खाचांपैकी कडक खाचेत अडकवलेली होती. ती सैल खाचेत लावल्यावर घंटी पूर्वीसारखी खणखणीत नसली तरी स्वयंपाकघरात ऐकू येईल इतकी वाजू लागली.

तबकडीसाठी ठोक्यांचे टोनमध्ये रूपांतर करणारे एक छोटे सर्किट मागवले आहे, जे लाइनच्याच प्रवाहावर चालते. विजेसाठी हिशेब केला. डब्याच्या अडॅप्टरवर मीटर लावला तर तो आठ वॅट घेतो, चार तास चालवायचा तर बत्तीस वॅट-तास, आणि बारा व्होल्टची तेवढी छोटी बॅटरी बाजारात मिळते. ती डब्याला समांतर कायम जोडलेली राहील अशीच घेणार आहे, म्हणजे वीज जाण्याच्या क्षणी खंड पडणार नाही.

फ्रेमरूम, एक विचारायचे राहिले. जुनी तांब्याची जोडी भिंतीतून अजून बाहेर डोकावते आहे. तिच्यावर मीटर लावला तर शून्य न येता दीड-दोन व्होल्ट येतात आणि काटा हलत राहतो. ती फ्रेमवरून सोडलेली असेल तर हे व्होल्ट कुठले?

जोडारी

फ्रेमरूम साहेब येईपर्यंत मी सांगतो. जंपर, म्हणजे फ्रेमवरची जोडणीची तार, काढला तरी आपली जोडी केबलमध्ये शेजारच्या जोड्यांबरोबरच पडून आहे. कुठल्यातरी जॉइंटमध्ये ओल आहे आणि शेजारच्या चालू लाइनची बॅटरी त्या ओलीतून झिरपून आपल्या तारेवर येते आहे. आम्ही त्याला परकी बॅटरी म्हणतो. पाऊस उघडल्यावर आठवडाभराने पुन्हा मोजा. आकडा कमी झालेला दिसला तर ती ओलच आहे. तारेची टोके एकमेकांना लागू न देता टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे ज्या शेजाऱ्याची लाइन अजून चालू आहे त्याला त्रास होणार नाही.